बंधांक एकाहत्तर

वीस वर्षांच्या नोकरीत पद्मजा चौगुलेनं कुणावर आवाज चढवला नव्हता. मिरजेतल्या एका मोठ्या रुग्णालयात ती क्ष-किरण तंत्रज्ञ होती. दारू पिऊन पाय मोडून आलेले, रांग मोडून आत घुसणारे, "अजून किती वेळ?" म्हणत दारावर थापा मारणारे, सगळ्यांना ती एकाच सुरात सांगायची, "श्वास घ्या. रोखा. सोडा." विभागातले लोक म्हणायचे, मॅडमना राग येतच नाही. तिला ते कौतुक वाटायचं.

२०४१ सालच्या जुलैत, एका सोमवारी दुपारी, तिच्या फोनवर निरोप आला.

"अभिनंदन! आपला बंधांक ७१ झाला आहे. विहित मर्यादा ७० आहे. आपल्या स्वावलंबनाच्या हितार्थ आपली फाईल नवीन समुपदेशकाकडे वर्ग करण्यात येत आहे. जुन्या समुपदेशकाशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधू नये. अंतरसेतू अभियान, आपल्या मनासाठी."

तिनं तो दोनदा वाचला, फोन ॲप्रनच्या खिशात टाकला आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावलं. खुब्याला मार लागलेल्या एक आजी होत्या. त्यांना टेबलावर नीट निजवलं, पायाखाली उशी दिली. त्यानंतर छातीचे तीन, मणक्याचा एक. मग एका माणसाच्या डाव्या गुडघ्याचा एक्स-रे काढायचा होता, तिनं उजव्याचा काढला.

"मॅडम, दुखतोय तो हा," तो माणूस म्हणाला.

असली चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती. तिनं माफी मागितली, डाव्या गुडघ्याचा एक्स-रे काढला आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून बसली. कानशिलं तापली होती. ताप चढला असावा असं तिला आधी वाटलं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, की हा राग आहे. तिला न विचारता तिचं एक माणूस कुणीतरी उचलून नेलं होतं.

*

ती समुपदेशनाला गेली ते नवऱ्याच्या एका वाक्यामुळं. दीड वर्षापूर्वी सन्मतीच्या पित्ताशयात पू झाला आणि तो अंगात पसरला. नऊ दिवस तो आयसीयूत होता. सन्मती सांगलीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचा. त्या नऊ दिवसांत पद्मजानं काही करायचं बाकी ठेवलं नाही. रक्ताच्या बाटल्या आणल्या, कागदांवर सह्या केल्या, नातेवाइकांचे फोन घेतले, शाळेत रजेचा अर्ज पोचवला. फक्त त्याच्या खाटेजवळच्या स्टुलावर ती एकदाही बसली नाही. यायची, चार्ट वाचायची, जायची.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी वरणभाताचे दोन घास खाऊन सन्मती म्हणाला, "पद्मा, मी मेलो असतो ना, तर तू आधी मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म आणला असतास."

"तो लागतोच," ती म्हणाली.

त्यानं ताट सरकवलं. "सोळा वर्षं झाली लग्नाला. मी तुझ्या घरात राहतोय का तुझ्या वॉर्डात, तेवढं सांग."

तिनं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. त्याच आठवड्यात तिच्या छातीत आवळल्यासारखं व्हायला लागलं. ईसीजी, इको, रक्त, सगळं तपासून झालं. हृदयरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला, 'समुपदेशन'. त्यासाठी जायचं ते अंतरसेतूच्या केंद्रात.

अंतरसेतू हे सरकारी अनुदानावर चालणारं अभियान होतं, आणि त्याचा सगळा भार एका यंत्रावर होता. यंत्राचं नाव बंधमापक.

यंत्रामागचं शास्त्र खरं होतं. सत्तरएक वर्षांपूर्वी मानसशास्त्रज्ञांनी वर्षभराच्या बाळांवर एक साधा प्रयोग केला होता. अनोळखी खोलीत आई बाळाला खेळणी देऊन बसवायची, थोड्या वेळानं बाहेर जायची आणि काही मिनिटांनी परत यायची. पाहायचं होतं ते आई परतल्यावर बाळ काय करतं. काही बाळं रडत आईकडे धावत, कडेवर चढत, शांत होऊन पुन्हा खेळायला जात. काही आईला बिलगत आणि तिलाच ढकलत, कितीही समजावलं तरी निवत नसत. आणि काही बाळं आई गेली तरी खेळत राहत, आली तरी खेळत राहत. ही शहाणी बाळं असं बघणाऱ्याला वाटे. पुढं कुणीतरी त्यांच्या छातीचे ठोके मोजले, तेव्हा कळलं की रडणाऱ्या बाळांइतकेच तेही धडधडत होते. आपण रडलो तरी कुणी येत नाही, हे ती वर्षभरातच शिकली होती.

मोठेपणी माणसं हेच धडे घेऊन जगतात. नवऱ्याशी, बायकोशी, मित्राशी तशीच वागतात. समुपदेशकाच्या खोलीतही तशीच वागतात, कारण तिथंही एक माणूस ठरल्या वेळी येतं आणि ठरल्या वेळी जातं. कुणी त्याला रोज फोन करतं, तर कुणी जवळीक वाटायला लागली की पुढची भेट रद्द करतं. बंधमापक हे सगळं मोजायचा. मनगटावरचा पट्टा नाडी आणि घाम टिपायचा, कॅमेरा बाहुल्यांचा आकार टिपायचा, माइक आवाजातला कंप. समुपदेशकाच्या हातातही तसाच पट्टा असायचा. दोघांचे ठोके एकमेकांबरोबर किती वर-खाली होतात त्यावरून शून्य ते शंभर असा एक आकडा निघायचा. तो बंधांक. पहिल्या वीस मिनिटांत समुपदेशकाला कळायचं, की समोरचं माणूस कुठल्या तऱ्हेचं आहे, त्याच्याशी किती जपून वागायला हवं. इथवर यंत्राचा उपयोगच होता.

मग नियम आला. राज्यात दोन-तीन ठिकाणी समुपदेशकांनी रुग्णांच्या ओढीचा गैरफायदा घेतल्याची प्रकरणं झाली. ओरड झाली, समिती बसली. समितीला एक आकडा हवा होता. तिनं सत्तर ठरवला. त्यावर गेला तो 'अतिबंध', त्याची फाईल दुसऱ्याकडे. सत्तरच का, पासष्ट किंवा ऐंशी का नाही, याचं उत्तर दोनशे पानांच्या अहवालात कुठंही नव्हतं.

*

पद्मजाच्या समुपदेशक होत्या नसरीन मुजावर. पन्नाशीच्या, गुडघेदुखीमुळं खुर्चीत बसताना "या अल्ला" म्हणणाऱ्या. भेट दर मंगळवारी साडेचारला. पहिले तीन महिने पद्मजा त्यांच्याशी क्ष-किरण यंत्राबद्दल बोलली. चौथ्या महिन्यात सन्मतीचा विषय निघाला, आणि तिनं लागोपाठ दोन भेटी रद्द केल्या. वर्षभरात तिनं अशा पुष्कळ भेटी रद्द केल्या. नसरीनबाई कधी रागावल्या नाहीत, कधी गळही घातली नाही. प्रत्येक वेळी त्यांचं एकच उत्तर यायचं, "ठीक आहे. पुढच्या मंगळवारी मी आहे."

सहाव्या महिन्यात पद्मजानं एक गोष्ट सांगितली, तीही कुणा दुसऱ्याचा केस पेपर वाचावा तशी. ती तीन वर्षांची असताना तिची आई अकरा महिने रुग्णालयात होती. मुलांना आत सोडत नसत. पद्मजाला शिरोळला मावशीकडे ठेवलं.

"मावशी चांगली होती. मी रडले नाही म्हणे कधी. सगळे म्हणायचे, पोर किती शहाणी आहे. आई परत आली तेव्हा मी ओसरीवर चिंचोके मांडत होते. आईनं हाक मारली. मी वर बघितलं आणि परत चिंचोके मांडायला लागले. आई हसली म्हणे."

"आई हसली," नसरीनबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

"मी काय? मी चिंचोके मांडत होते."

नसरीनबाईंनी यंत्राचा पडदा तिच्याकडे वळवला. एरवी बहात्तर असणारी तिची नाडी एकशे अठरा झाली होती.

"तुम्ही खुर्चीत बसलाय, पद्मजाताई," त्या म्हणाल्या. "पण काळीज जिने चढतंय."

दहाव्या महिन्यात एक गोष्ट घडली. नसरीनबाईंच्या भावाला अचानक रुग्णालयात न्यावं लागलं, आणि भेट रद्द झाल्याचं कळवायचं राहून गेलं. पद्मजा केंद्राच्या बाहेरच्या बाकावर पन्नास मिनिटं बसून परत गेली. पुढच्या आठवड्यात नसरीनबाई म्हणाल्या, "चूक माझी होती. मी कळवायला हवं होतं."

"काही हरकत नाही."

"थोडी हरकत असू द्या की."

पद्मजानं विषय बदलला, आणि नंतरच्या तीन भेटी रद्द केल्या. चौथ्या मंगळवारी ती आली, ती दारातच उभी राहिली.

"त्या दिवशी मी बाकावर बसले होते. जिन्यात पाय वाजले की वाटायचं, तुम्ही आलात. दर वेळी दुसरंच कुणीतरी असायचं." तिचा आवाज फुटला. "मला तुमचा राग आलाय. फार राग आलाय. असं कुणी करतं का?"

आणि ती रडली. नसरीनबाईंनी भावाच्या आजाराचं नाव काढलं नाही. "बसा," त्या म्हणाल्या. "मला सगळं ऐकायचंय."

त्या संध्याकाळी पद्मजा घरी आली, सन्मती वह्या तपासत होता तिथं गेली आणि काही काम नसताना त्याच्या शेजारी बसली. त्यानं पेन खाली ठेवलं. दोघं नुसते बसून राहिले.

त्या भेटीत यंत्रानं बंधांक त्रेचाळीसवरून एकाहत्तरवर नेला होता. सहाव्या दिवशी निरोप आला.

*

नव्या समुपदेशकांचं नाव विद्याधर ताम्हनकर. वागायला सभ्य, बोलायला मऊ.

"तुम्हाला राग येणं अगदी स्वाभाविक आहे," ते म्हणाले. प्रत्येक वाक्याआधी ते क्षणभर थांबत. पद्मजाला त्यांच्या डाव्या कानात बारीकसं काहीतरी दिसलं.

"आत्ता कानात काय सांगितलं त्यानं?" तिनं विचारलं.

 ताम्हनकरांनी ते कानातून काढून टेबलावर ठेवलं. "रुग्ण अंतर राखणाऱ्या तऱ्हेची आहे, सहानुभूती कमी करा, दोन मिनिटं तिच्या कामाबद्दल बोला, असं बंधमापक म्हणाला."

"मग बोला. माझ्या यंत्राचं कालच सर्व्हिसिंग झालंय."

त्यांना हसू आलं, आणि लगेच हसल्याचं वाईटही वाटलं. "तुम्हाला अपील करता येतं," ते हळूच म्हणाले. "पण फारसं कुणी करत नाही."

"का?"

"दोन तऱ्हेची माणसं असतात. तुमच्यासारखी मुकाट्यानं निघून जातात. नव्या समुपदेशकाकडच्या पहिल्या तीन भेटी चुकल्या की फाईल आपोआप बंद होते. शेरा पडतो, 'स्वावलंबी'. अभियानाच्या यशाच्या आकड्यात जमा होतात ती."

"आणि दुसरी?"

"ती अपील करतात. रडतात, त्याच समुपदेशकासाठी हट्ट धरतात. मग अपील केलं हाच अतिबंधाचा पुरावा धरला जातो."

पद्मजा त्यांच्याकडे बघत राहिली. "म्हणजे गप्प बसले तर बरी झाले, आणि बोलले तर आजारी."

"हो."

"आणि हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही रोज इथं बसता."

ताम्हनकरांनी मान खाली घातली. अपिलाचा अर्ज मात्र त्यांनी स्वतः जाऊन आणून दिला.

अर्ज भरून तिनं सन्मतीपुढं ठेवला. "वीस तारखेला सांगलीला सुनावणी आहे," ती म्हणाली. पुढचं वाक्य बोलायला तिला फार वेळ लागला. "तू येशील का माझ्याबरोबर?"

सोळा वर्षांत तिनं त्याच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. तापानं फणफणली असतानाही ती रिक्षा करून एकटी डॉक्टरांकडे जायची. सन्मतीनं चष्मा काढून पुसला. "शाळेत काय सांगू?" असं काहीतरी तो पुटपुटला, आणि मग म्हणाला, "सांगू काहीतरी. येतो."

*

सुनावणीला तीन सदस्य असायला हवे होते, आले दोन. अध्यक्ष होते अभियानाचे जिल्हा समन्वयक रणधीर भोसेकर, आणि दुसऱ्या डॉ. निर्मला खरात, निवृत्त मानसोपचारतज्ज्ञ. नसरीनबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्यांना पद्मजाशी बोलायची मनाई होती. नियमाप्रमाणं दोघींच्याही मनगटांवर पट्टे बांधले होते आणि बंधांक समोरच्या भिंतीवर दिसत होता. एकाहत्तर.

भोसेकर उद्धट नव्हते. "ताई, नियम का झाला ते समजून घ्या," ते म्हणाले. "एका मुलीची केस मी स्वतः हाताळली आहे. तिच्या समुपदेशकानं तिचा गैरफायदा घेतला. तीसुद्धा म्हणायची, मला हेच सर पाहिजेत. तेव्हा मोजणारं कुणी नव्हतं."

"त्या माणसाला शिक्षा झाली?"

"प्रकरण न्यायालयात आहे."

"म्हणजे गुन्हा त्यानं केला, तो मोकळा आहे, आणि शिक्षा मला आणि या बाईंना." तिनं नसरीनबाईंकडे बोट दाखवलं. "यांनी माझं काय वाईट केलं, ते सांगा. तुमच्याकडे आमच्या प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग आहे. एक वाक्य काढून दाखवा."

"वाक्याचा प्रश्न नाही. आकडा वाढलाय."

"मी क्ष-किरण तंत्रज्ञ आहे," पद्मजा म्हणाली. "मोडलेलं हाड जुळायला लागलं की मोडलेल्या जागेभोवती नवं हाड तयार होतं. फिल्मवर ते गाठीसारखं दिसतं. नवा माणूस घाबरतो, त्याला वाटतं काहीतरी भलतंच वाढलंय. जुना माणूस विचारतो, हाड कधी मोडलं होतं? आधीची फिल्म कुठाय? सहा आठवड्यांनी परत काढा. एका फिल्मवरून कुणी कापाकापी करत नाही हो! तुम्ही एका मंगळवारच्या आकड्यावरून केलीत."

डॉ. खरातांनी काहीतरी लिहून घेतलं. भोसेकरांनी भिंतीकडे हात केला. "बघा, आता एकोणऐंशी. तुम्हाला त्रास होतोय, तो आम्हाला दिसतोय. म्हणूनच..."

"वाढू दे!" पद्मजा उभी राहिली. "मोजा! मी तीन वर्षांची होते तेव्हा माझी आई अकरा महिने नव्हती. मी एकदाही रडले नाही, आणि सगळ्या गावानं मला शहाणी म्हटलं. माझं आतल्या आत काय झालं, ते कुणी विचारलं नाही. त्यानंतर मी कुणाला हाकच मारली नाही. नवरा मरायला टेकला तरी त्याच्याजवळ बसता आलं नाही मला! या बाईंनी वर्षभर वाट बघितली, तेव्हा कुठं मला राग आला. 'तुम्ही का आला नाहीत' असं आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी विचारू शकले. आणि त्याच आठवड्यात तुम्ही त्यांना उचललंत. एका मेसेजवर! निरोपसुद्धा घेऊ दिला नाहीत!"

शिपायानं दार उघडून आत डोकावलं. आकडा शहाऐंशी झाला होता. सन्मती आपल्या बायकोकडे असा बघत होता, जणू ती आत्ताच गावाहून आली आहे.

"मी गप्प घरी गेले असते तर तुम्ही मला काय म्हणणार होता?" पद्मजानं विचारलं. "स्वावलंबी. म्हणजे तुम्हीही शहाणीच म्हणणार होता की!"

 डॉ. खरातांनी विचारलं, "भोसेकर, अशा बंद झालेल्या फाइलींचा पाठपुरावा होतो का? तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी?"

"फाईल बंद झाल्यावर पोर्टलवर पुढं नोंद करायला रकाना नाही, मॅडम."

"रकाना नाही," डॉ. खरात म्हणाल्या आणि पेन बंद केलं.

आठ दिवसांनी निकाल आला. डॉ. खरातांनी विरोधी मत लिहिलं होतं. अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत वापरून अपील फेटाळलं होतं. 'अर्जदाराचे सुनावणीतील वर्तन पाहता अतिबंध सिद्ध होतो.' मेहेरबानी म्हणून पन्नास मिनिटांची एक समारोप भेट मंजूर केली होती.

*

त्या भेटीत नसरीनबाई नेहमीसारख्या "या अल्ला" म्हणून बसल्या नाहीत, खिडकीशी उभ्या राहिल्या. त्यांची कार्यालयात बदली झाली होती, फाइली तपासायला.

"माझाही आकडा जास्त निघाला म्हणे," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं मी हे काम करतेय. माणसाचं ऐकताना माझं काळीज हललं, याची मला नोटीस मिळालीय." त्यांचा आवाज चढला. पद्मजानं त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिला ते फार बरं वाटलं.

"मला तुम्ही जायला नको आहात," ती म्हणाली.

"मलाही नको आहे, पद्मजाताई. आणि तरी पाच वीसला आपण उठणार आहोत. ते चुकीचंच आहे. मी ते तुम्हाला गोड करून सांगणार नाही."

उरलेला वेळ दोघी बोलल्या, थोडा वेळ गप्प बसल्या. त्या चुकलेल्या मंगळवारी काय झालं होतं ते पद्मजानं विचारलं, तेव्हा नसरीनबाईंनी भावाच्या आजाराचं सांगितलं; तो आता बरा होता. पाच वीसला त्या उठल्या. पद्मजानं त्यांचे दोन्ही हात धरले आणि पडद्यावरच्या आकड्याकडे न बघता मनसोक्त रडली. खाली सन्मती स्कूटर घेऊन थांबला होता. तिनं त्याचा दंड इतका घट्ट धरला, की दुसऱ्या दिवशी तिथं नखांचे वण दिसत होते.

छातीतलं आवळणं पुन्हा आलं नाही. राग मात्र गेला नाही. आपलं काम झालं, आता बाकीच्यांचं ते बघतील, असं ती पूर्वी म्हणाली असती. आता तिला ते म्हणता येईना. तिनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. जिल्ह्यात तीन वर्षांत किती फाइली 'स्वावलंबी' म्हणून बंद झाल्या? त्यातल्या किती जणांची नंतर चौकशी केली? किती जण पुन्हा रुग्णालयात आले? किती जण हयात नाहीत?

बेचाळीस दिवसांनी एका पानाचं उत्तर आलं. बंद फाइली, चार हजार एकशे बारा. चौकशी, निरंक. पुन्हा दाखल, निरंक. मृत, निरंक.

ते पान हातात घेऊन ती स्वयंपाकघरात उभी राहिली आणि सन्मतीला म्हणाली, "निरंक म्हणजे यांनी बघितलंच नाही. आणि लिहितात असं, की जणू कुणी मेलंच नाही."

तिनं सुनावणीच्या निकालाविरुद्ध वरच्या आयोगाकडे दुसरं अपील केलं आणि ते उत्तर जसंच्या तसं एका स्थानिक दैनिकाला पाठवलं. खाली आपलं नाव, कामाचं ठिकाण आणि पत्ता घातला. सन्मती म्हणाला, लोक काय वाटेल ते बोलतील. "बोलू देत," ती म्हणाली.

पत्र छापून आल्यावर चौथ्या दिवशी सकाळी क्ष-किरण विभागाच्या खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. पांढरी टोपी, धुतलेला सदरा. बाहेर दहाबारा जणांची रांग होती.

"चिठ्ठी द्या काका," पद्मजा म्हणाली.

"चिठ्ठी नाही." त्यांनी खिशातून घडी केलेलं कात्रण काढलं. "चौगुलेबाई तुम्हीच का? मी आप्पासाहेब मगदूम. एसटीत कंडक्टर होतो. ह्या चार हजारांत माझा पोरगा होता."

पद्मजानं दार उघडून त्यांना आत घेतलं आणि स्टूल पुढं केलं. ते बसले नाहीत.

"त्याचा एका सरांवर फार जीव बसला होता. बोलायला लागला होता घरात. मग सर बदलले. तो काही बोलला नाही. आम्हाला वाटलं, बरा झाला, म्हणून जात नाही आता. सतराव्या दिवशी गेला तो." त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "त्याच्या फाइलीवर काय लिहिलं असेल, ते मला परवा पेपर वाचून कळलं."

त्यांनी कात्रणावरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे निरंक लिहिलंय ना, हितं त्याचं नाव घालायचंय. कुठं जाऊन घालायचं, तेवढं सांगा."

बाहेर कुणीतरी दारावर थाप मारली. पद्मजानं मागं वळून सहकाऱ्याला टेबल सांभाळायला सांगितलं. मग तिनं एक कोरा कागद घेतला, वर दुसऱ्या अपिलाचा क्रमांक लिहिला आणि खाली एकचा आकडा घातला.

"नाव सांगा."

"सुदर्शन."

"पूर्ण सांगा, काका."

त्यांनी सांगितलं. तिनं ते वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, ठळक अक्षरांत लिहिलं. त्याखाली दोनचा आकडा घातला, आणि कागद तसाच खिडकीशी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा ठेवला.